खणू नये तो पट्टा

बिवळपाडा, २७ जानेवारी २०२५

चि. साईनाथ,

अनेक आशीर्वाद. लडकूच्या टेम्पोत सिमेंटच्या पोत्यांवर लोळत तुझी नकाशांची गुंडाळी पोचली. पाड्यात मोबाइलला रेंज नाही, तेव्हा गुंडाळीच्या पोटात पत्र घालायची तुझी युक्ती झकास आहे. निदान लडकू चोरून वाचत नाही. त्याला कंटाळा येतो.

एकोणीस वर्षं मी इथली अंगणवाडी गोठ्याच्या पडवीत चालवते आहे. आता एक संस्था पक्की इमारत बांधून देते आहे आणि तिचे नकाशे शहापुरात माझाच भाचा करतो आहे, म्हणून मी टोकावड्याच्या बाजारात दोन इंच उंच होऊन चालत होते. तुझे सात कागद उघडले आणि होते तेवढी झाले. अरे, हे काय आहे? भिंतींच्या रेघा, वायरींच्या रेघा, नळांच्या रेघा, चढाच्या वाकड्या रेघा, त्यांवर तिरप्या रेघोट्या आणि वर मुंगीच्या पायाएवढं इंग्रजी. कमळू मिस्त्रीने कागद चारही बाजूंनी फिरवला आणि म्हणाला, “बाई, ह्यात भित कुठली नि वारा कुठला?”

मी बांधकाम समितीची सचिव आहे. सचिव म्हणजे समितीतली सही करता येणारी एकमेव बाई. तेव्हा सचिव या नात्याने सांगते: भिंती, दारं, खिडक्या आणि मापं एवढंच ठेव. बाकी सगळं झाक. म्हसाच्या जत्रेला गेलेली माणसं परतली आहेत, सोमवारी पाया आखायचा आहे.

तुझी
रंभाआत्या


शहापूर, ३० जानेवारी

ती. आत्यास नमस्कार.

हसलो, पण ऑफिसात आवाज न करता. तुझी तक्रार बरोबर आहे.

आत्या, आम्ही आता नकाशा काढत नाही. कॉम्प्युटरमध्ये अख्खी इमारतच उभी करतो, आजूबाजूच्या जमिनीसकट. मग तिच्याकडे वरून बघायचं आणि प्रत्येक कागदावर काय दिसावं ते ठरवायचं. त्यासाठी एक लांबलचक यादी असते. भिंती, दारं, पाइप, चढ, सूचना, रेघोट्या. प्रत्येकापुढे एक चौकोन आणि चौकोनात खूण. खूण काढली की ती वस्तू कागदावरून जाते. मोडत नाही, पुसत नाही. असते जागेवरच, फक्त दिसत नाही.

तुझ्या सांगण्यावरून पहिल्या कागदावरच्या बऱ्याच खुणा काढल्या. आता कमळूकाकांना भिंत सापडेल. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची जागा मी मुद्दाम दाखवलेली नाही. साहेब म्हणाले, ती साइटवर ठरवू देत. ठरवताना सातवा, म्हणजे जमिनीचा कागद बघा. त्याला मी हात लावलेला नाही, त्यावर सगळं आहे.

जुना संच लडकूबरोबर परत पाठव. साइटवर दोन संच फिरले की घोळ होतो.

तुझा
साईनाथ


बिवळपाडा, २१ फेब्रुवारी

चि. साईनाथ,

आशीर्वाद. नवे कागद बघून डोळे निवले. जुने त्याच टेम्पोने परत केले, मिळाले असतील. घरात असायचं पण दिसायचं नाही, ही तुझ्या सॉफ्टवेअरची करामत मी भिमीला समजावली. भिमी म्हणजे कमळूची बायको. ती म्हणाली, “त्यात काय? आमी सुना म्हणून आलो तवापासून तेच करतोय.”

पाया भरला, भिंती कमरेएवढ्या आल्या. आता टाकी. मागच्या उतारावर आपला झरा आहे, चाळीस घरं त्याच्यावर जगतात. मे महिन्यात त्याची धार करंगळीएवढी होते. टाकी झाली की रात्रभरचं पाणी त्यात साठेल आणि बायकांना पहाटे ओंजळ ओंजळ भरत बसावं लागणार नाही. तुझ्या सातव्या कागदावर इमारतीमागे बरीच मोकळी जागा दिसते, तिथेच घ्यावी म्हणते. कमळू कुरकुरतो आहे. पण तो खिडक्यांवरही कुरकुरला होता.

दोन ओळींत कळव. कुंडलिकदादाला म्हणावं, बहीण जिवंत आहे.

रंभाआत्या


शहापूर, १ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

घाईत लिहितो, तीन साइट्स एकदम चालू आहेत. टाकीचं तू म्हणतेस ते ठीक. सातव्या कागदावर मनाई नाही अशा कुठल्याही जागी चालेल. बाबा बरे आहेत.

साईनाथ


बिवळपाडा, १९ मार्च

साईनाथ,

झरा गेला.

तुला शहापुरात बसून हे दोन शब्द छोटे वाटतील, म्हणून नीट लिहिते. गेल्या बुधवारी टाकीच्या खड्ड्यासाठी जेसीबीला ब्रेकर लावून आणला. चार फुटांवर काळा खडक लागला. दीड दिवस तो फोडत होते. गुरुवारी संध्याकाळी झऱ्याचं पाणी लाल झालं. शुक्रवारी दोऱ्याएवढं झालं. शनिवारी भिमी हंडा लावून बसली आणि उन्हं वर येईपर्यंत तळही ओला झाला नाही. फुटलेल्या खडकातून पाणी खाली कुठे तरी उतरलं. खड्ड्यात कान लावला तर आत वाहिल्यासारखं वाटतं, असं कमळू म्हणतो. तो चार दिवस त्या खड्ड्यात पहार घेऊन बसला आहे. वर ये म्हटलं तर येत नाही.

तुमच्या तानसा धरणाचं पाणी एवढ्या लांब मुंबईला जातं आणि वाट चुकत नाही. आमचं पन्नास पावलांत हरवलं.

मार्च अजून सरला नाही. बायका नदीच्या वाळूत डवरे खणून वाटीने पाणी उपसतात. माझ्या बावीस पोरांची खिचडी कालपासून बंद आहे.

तुझ्या कागदावर तिथे काहीच नव्हतं. झरा सोड, एक ठिपकाही नव्हता. तू लिहिलं होतंस, मनाई नाही तिथे खणा. आम्ही खणलं. आता मला सांग, तुम्ही शिकलेली माणसं जमिनीकडे बघता तेव्हा नक्की काय बघता?

रंभाआत्या


शहापूर, २२ मार्च

ती. आत्यास,

तुझं पत्र मिळाल्यावर मी संगणकात सातवा कागद उघडला. आत्या, तो कोरा आहे.

आम्ही एका कागदाची खुणांची यादी ठरवली की ती साचा म्हणून जपून ठेवतो, म्हणजे दर वेळी नव्याने ठरवावं लागत नाही. माझे सातही कागद एकाच साच्याला बांधलेले होते, हे मी विसरलो. मी पहिल्या कागदावर खुणा काढल्या असं मला वाटलं. खरं तर साच्यातल्या काढल्या. सातही कागदांवरून सगळं एकदम गेलं. सातवा मी छापण्याआधी उघडून बघितला नाही.

तिथे झरा होता. झऱ्याभोवती तिरप्या रेघोट्यांचा पट्टा होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘येथे खणू नये’. डिसेंबरात मी जमीन मोजायला आलो तेव्हा कमळूकाका माझ्याबरोबर चालले होते. झऱ्याचा खडक कुठून कुठपर्यंत जातो ते त्यांनी काठीने दाखवलं आणि मी टेपने मोजलं. तो पट्टा त्यांनीच दिलेला आहे. कॉम्प्युटरमध्ये अजून आहे. खूण टेकवली की दिसतो. मी आज वीस वेळा टेकवून बघितला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, शांत राहा. तुझ्याकडचा संच लडकूबरोबर लगेच परत पाठव. दुरुस्त करून देतो. आणि याबद्दल सध्या कुणाशी बोलू नकोस, माझ्यासाठी.

साईनाथ


बिवळपाडा, ३ एप्रिल

साईनाथ,

कागद पाठवणारच होते. गुंडाळी बांधून ओट्यावर ठेवली होती, पण लडकूच्या टेम्पोचा क्लच गेला आणि तो आठ दिवस आला नाही. देवाने कधी नव्हे ते टेम्पोच्या क्लचमध्ये लक्ष घातलं.

काल संस्थेचे गृहस्थ आले. कडक इस्त्री, बाटलीतलं पाणी. त्यांनी पिशवीतून सातवा कागद काढला आणि सगळ्यांसमोर पसरला. त्यावर झरा होता, निळा. त्याभोवती तुझा पट्टा होता. ‘येथे खणू नये’ असं ते बारीक इंग्रजी होतं, त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. खाली कोपऱ्यात तारीख: ३० जानेवारी.

ते म्हणाले, नकाशात एवढं स्पष्ट दिलेलं असताना मिस्त्रीने खडक फोडला, म्हणजे हा मिस्त्रीचा निष्काळजीपणा. त्याला कामावरून काढा आणि पाड्याने तसा ठराव करा, म्हणजे आमची फाइल बंद होईल.

माझ्या ओट्यावरच्या गुंडाळीत तोच सातवा कागद आहे. तारीख तीच. आणि कोरा. एका दिवशी जन्मलेली दोन पोरं, एकाला डोळे आहेत, दुसऱ्याला नाहीत. आता कळलं, दुरुस्ती कुणासाठी चालली होती.

कमळूला वाचता येत नाही. तो त्या पट्ट्याकडे बघत राहिला. मग मला हळूच विचारलं, “बाई, हा आधीपासून व्हता?” ओट्यावरचा कोरा कागद मी पुढे केला नाही. त्याला वाटतं आहे की कागद आधीपासून ओरडत होता आणि त्यालाच ऐकू आलं नाही.

पाड्यात त्याच्याशी कुणी बोलत नाही. काल डवऱ्यावर भिमीची वाटी एकीने पायाने उडवली. तो जेवत नाही. खड्ड्यात बसून पहारीने खडक ठोकतो आणि ऐकतो. ठरावाची बैठक रविवारी, तेरा तारखेला आहे.

तू छापलास ना तो कागद? आपल्या हाताने?

रंभा


शहापूर, ६ एप्रिल

ती. आत्यास,

हो. मी छापला. साहेब पाठीमागे उभे होते. साच्यातल्या खुणा परत टेकवल्या आणि तारीख बदलली नाही. तीस सेकंदांचं काम. तुला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या संध्याकाळी.

आत्या, मी आर्किटेक्ट नाही. ऑफिसातला हात आहे मी. साहेब म्हणतात, हे बाहेर आलं तर सहीवाले सुटतील आणि कॉम्प्युटरवर बसलेला अडकेल. ते खरंच आहे. शहापुरात अशी दोन-तीनच ऑफिसं आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात. घरी भाग्यश्रीला सातवा महिना आहे. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. जेवताना ती विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही. रात्री डोळे मिटले की मला चौकोनांची यादी दिसते.

मी हे लिहायला नको, पण लिहितो. तू बैठकीत कोरा कागद दाखवलास तर ते विचारतील, खुणा कुणाच्या सांगण्यावरून काढल्या? तुझं सत्तावीस जानेवारीचं पत्र माझ्या खणात आहे. ‘बाकी सगळं झाक.’ तुझ्या अक्षरात, सचिव या नात्याने.

मी ते कुणाला दाखवलेलं नाही. फक्त आठवण करून देतो.

साईनाथ


बिवळपाडा, ९ एप्रिल

साईनाथ,

धमकी द्यायला तू अजून कच्चा आहेस. मध्येच ‘लिहायला नको’ म्हणतोस. तुझ्या बापालाही चोरी नीट जमत नसे. कैऱ्या पाडायचा आणि झाडाखालीच खात बसायचा.

तुझं म्हणणं बरोबर आहे. तुझा पुरावा माझ्याकडे, माझा तुझ्याकडे. पण तुझ्या खणात माझं फक्त अर्धं पाप आहे. उरलेलं मी कुठेच लिहिलेलं नाही. आता लिहिते.

फेब्रुवारीत मी तुला लिहिलं, कमळू कुरकुरतो आहे. तो कुरकुरत नव्हता. तो मला हाताला धरून मागे घेऊन गेला होता. म्हणाला, “बाई, हा खडक झऱ्याचा हाय. हितं घाव घालू नका. टाकी पुढं घ्या, आंब्याकडं.” मी म्हटलं, दारात खड्डा नको. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तेव्हा मी त्याला सातवा कागद दाखवला आणि म्हटलं, बघ, आहे का इथे काही? सगळ्या जमिनीची मापं घेऊन कॉम्प्युटरने काढलेला कागद आहे हा. झऱ्याला धोका असता तर लिहिलं नसतं? ब्रेकर आला त्या सकाळी त्याने तिसऱ्यांदा विचारलं. जेसीबीवाल्यासमोर. मी म्हटलं, कमळू, तुला कागद कळतो की मला?

झरा कुठे आहे हे मला माहीत नव्हतं का रे? एकोणीस वर्षं मी त्याचं पाणी प्यायले आहे. तिथे कागद कोरा होता, तर कागद चुकला असं माझ्या मनात यायला हवं होतं. माझ्या मनात आलं, कमळू चुकला. कारण कागद शहापूरहून आला होता आणि कमळू पाड्यातला होता.

तुला मी विचारलं होतं, तुम्ही शिकलेली माणसं नक्की काय बघता. सातवी पास बाईने विचारलं होतं. उत्तर माझ्याच तोंडात होतं.

मी रविवारी कोरा कागद काढणार आहे. तू माझं पत्र घेऊन ये. नाही आलास तरी मी काढणार आहे.

रंभाआत्या


शहापूर, ११ एप्रिल

ती. आत्यास,

मी येत नाही. तीनदा स्टँडपर्यंत गेलो, मुरबाडची गाडी डोळ्यांसमोरून सोडली.

सोबत तुझं पत्र आहे. झेरॉक्स काढलेली नाही. जाळलंस तरी कुणाला कळणार नाही.

आणि एक कागद आहे. सातवा कागद कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या नावाने छापला गेला याची नोंद प्रिंटरमध्ये राहते, ती काढली आहे. पहिला संच सोडून, ३० जानेवारी एकदा. २१ मार्च एकदा. दोन्हींपुढे माझं नाव. खाली मी सही केली आहे. हे साहेबांना माहीत नाही. सोमवारी होईल.

भाग्यश्रीला काल सांगितलं. ती पाणी पीत होती, अर्धा ग्लास तसाच ठेवून आत गेली.

साईनाथ


बिवळपाडा, १७ एप्रिल

चि. साईनाथ,

आशीर्वाद. हा शब्द लिहिताना हात थांबला होता, पण लिहिला आहे तर घे.

बैठक झाली. दोन्ही सातवे कागद मी जमिनीवर शेजारी शेजारी पसरले आणि वर तुझी प्रिंटरची नोंद ठेवली. मग माझं पत्र वाचलं. ‘बाकी सगळं झाक’ मोठ्याने वाचलं. लोक पत्रातल्या विनोदांना हसलेही, म्हणजे मी किती चांगलं लिहिते बघ. मग कमळूने तीनदा विचारलेलं सांगितलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

संस्थेच्या गृहस्थांनी तुझी नोंद दोनदा वाचली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, हा तांत्रिक विषय आहे. आता अहवालात ‘भूगर्भातील नैसर्गिक हालचालीमुळे’ असं येणार आहे. म्हणजे तू नाहीस, मी नाही, साहेब नाहीत. जमिनीनेच केलं. ठराव मात्र झाला नाही. कमळूचं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही, एवढं झालं.

मला वाटलं होतं, तो काही तरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “बरं झालं बोललात. मग पाणी कुठं गेलं?” तो परत खड्ड्यात जाऊन बसला. आता दोन जण त्याच्याबरोबर बसतात आणि आळीपाळीने ऐकतात. त्यांनी आंब्याच्या बाजूने दुसरा चर धरला आहे. काल पंधरा हात झाला. कोरडा आहे.

इमारत छान झाली आहे. नळ बसवले. तोट्या चकचकीत आहेत.

तुझी नोकरी गेल्याचं लडकूकडून कळलं. मला वाईट वाटलं आणि वाटायला नको होतं, दोन्ही खरं. भाग्यश्रीला सांभाळ. ती बोलत नसेल तर बोलू नकोस, समोर बसून राहा.

परवापासून डांबरी रस्त्यावर टँकर येतो, एक दिवसाआड. बायकांनी माझा हंडा उचलून रांगेत सगळ्यात शेवटी ठेवला. आज माझा नंबर आला तेव्हा टँकरवाला नळी गुंडाळत होता. टाकीवर थाप मारून दाखवली त्याने, पोकळ वाजली. मी हंडा उचलला. भिमी वाट सोडून मागे आली आणि तिने आपल्या हंड्यातलं अर्धं पाणी माझ्या हंड्यात ओतलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, “गप ऱ्हावा. पोरांच्या खिचडीला हाय. तुमाला नाय.”

तुझी
रंभाआत्या